गार रात्रींची वाइन आणि यवतमाळचा हिशेब

महाराष्ट्रात वणी नावाची दोन मोठी गावे आहेत. एक नाशिक जिल्ह्यात, दिंडोरी तालुक्यात, सप्तशृंगी गडाच्या वाटेवर. तिथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षबागा आहेत. दुसरी वणी यवतमाळ जिल्ह्यात, वर्धा नदीच्या अलीकडे. तिथे कोळशाच्या खाणी आहेत, कापसाची शेते आहेत आणि नदी ओलांडली की चंद्रपूर जिल्हा लागतो. पहिल्या वणीच्या आसपास पिकलेल्या द्राक्षांची पांढरी वाइन मुंबई-पुण्याच्या हॉटेलांत आणि परदेशातही विकली जाते. दुसऱ्या वणीत दारूचा विषय निघाला की बोलणे देशीच्या बाटलीवर, महिलांच्या मोर्चांवर आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या दारूबंदीवर येते.

ही दोन गावे एकाच धोरणाखाली येतात. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने विदेशी मद्यावरील उत्पादन शुल्क वाढवले, देशी दारूही महाग केली. बिअर आणि वाइन मात्र या वाढीतून वगळली. त्याआधी २७ जानेवारी २०२२ रोजी १०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या सुपरमार्केटांत वेगळ्या कपाटात वाइन विकू देण्याचा निर्णय झाला होता. त्याला मोठा विरोध झाला, अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला आणि तो निर्णय प्रत्यक्षात उतरला नाही. दोन्ही वेळी वाइनला वेगळी वागणूक देण्यामागे जे सांगितले जाते ते साधारण सारखेच असते. वाइन हे शेतमालावर प्रक्रिया करून केलेले उत्पादन आहे, त्यातून शेतकऱ्याला दोन पैसे मिळतात आणि ती इतर दारूपेक्षा सौम्य असते.

हे तीन मुद्दे एकमेकांत मिसळले की चर्चा फसते. वाइन चांगली कशाने होते हा शेतीशास्त्राचा प्रश्न आहे. तिचा फायदा कोणत्या शेतकऱ्याला होतो हा अर्थकारणाचा प्रश्न आहे. ती शरीरात गेल्यावर काय करते हा वैद्यकाचा प्रश्न आहे. यवतमाळसारख्या जिल्ह्यातून पाहिले, तर तिन्हींची उत्तरे वेगवेगळी येतात.

चव येते गारव्यातून

पांढऱ्या वाइनचा जीव तिच्या आंबटपणात असतो. द्राक्षाच्या मण्यात प्रामुख्याने दोन आम्ले असतात, टार्टारिक आणि मॅलिक. टार्टारिक आम्ल बऱ्यापैकी टिकाऊ असते. मॅलिक आम्ल मात्र मणी पिकताना श्वसनासाठी वापरले जाते आणि उष्णता जितकी जास्त तितके ते लवकर संपते. दिवसा ऊन मिळाले तर पाने साखर तयार करतात. रात्र गार असेल तर मण्याचे श्वसन मंदावते आणि आम्ल शिल्लक राहते. साखर आणि आम्ल दोन्ही हाताशी असताना तोडणी झाली, तर वाइन ताजी आणि तरतरीत लागते. रात्रीही उकाडा असेल तर साखर वाढत जाते, आम्ल घसरते आणि वाइन बेचव, जड होते.

सुगंधाचेही तसेच आहे. सोव्हिन्यों ब्लां या पांढऱ्या जातीत हिरव्या मिरचीसारखा, ताज्या गवतासारखा वास देणारी संयुगे असतात. उष्णता आणि थेट ऊन वाढले की ती कमी होतात.

म्हणूनच जगभर पांढऱ्या वाइनसाठी उंच जागा शोधल्या जातात. सर्वसाधारणपणे दर हजार मीटर चढले की हवा सुमारे साडेसहा अंशांनी थंड होते. अर्जेंटिनात काफायाते येथे सुमारे १,७०० मीटर उंचीवर तोरोंतेस या पांढऱ्या जातीच्या बागा आहेत. विषुववृत्ताच्या दिशेने सरकलेल्या मुलखातही तिथे सुगंधी वाइन होते, ती या उंचीमुळे. तापमान वाढू लागल्यापासून अनेक देशांतले बागायतदार नवी लागवड आणखी वर, डोंगराच्या अंगाने करू लागले आहेत.

नाशिक-दिंडोरीचा पट्टा इतका उंच नाही. तो समुद्रसपाटीपासून ६०० ते ७०० मीटरांच्या आसपास आहे. इथल्या बागायतदाराने उंचीची उणीव हंगामाने भरून काढली. युरोपात द्राक्षवेल हिवाळ्यात झोपी जाते. आपल्याकडे ती झोपत नाही, म्हणून वर्षातून दोनदा छाटणी करावी लागते. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. त्यामुळे मणी पिकतात ते जानेवारी-फेब्रुवारीत, निफाडला राज्यातला नीचांकी पारा नोंदवला जातो त्याच दिवसांच्या आगेमागे. इथला थंडावा डोंगराने जेवढा दिला त्याहून जास्त पौष-माघाने दिला. सुला कंपनीने २००० साली आपली पहिली वाइन बाजारात आणली, ती सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां या दोन पांढऱ्या जातींचीच होती. आज 'नाशिक व्हॅली वाइन'ला भौगोलिक मानांकन आहे.

मग यवतमाळला का नाही?

यवतमाळ शहर सुमारे ४५० मीटर उंचीवर आहे. म्हणजे नाशिकपेक्षा फार तर दोनशे मीटर खाली. केवळ उंचीच्या हिशेबाने हा फरक एक-दीड अंशाचा भरतो. वणी आणि पांढरकवड्याचा पट्टा आणखी खाली आहे. पण हिवाळी रात्रींची थंडी विदर्भातही चांगली पडते. मग अडते कुठे?

पहिली अडचण उन्हाळ्याची. खरड छाटणी झाल्यानंतरच्या दीड-दोन महिन्यांत पुढच्या हंगामाचे घड काडीच्या डोळ्यात आकार घेतात. यवतमाळात हेच दिवस ४३-४४ अंशांचे असतात. या काळात वेलीला ठिबकने नियमित पाणी द्यावेच लागते. जिल्ह्यात बेंबळा, अरुणावती, पूस असे प्रकल्प आहेत. तरी बहुतेक कापूस, सोयाबीन आणि तूर पावसाच्या भरवशावरच होते. सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजजवळ उन्हाचा कडाका असूनही वाइनच्या बागा उभ्या राहिल्या. नुसते ऊन आड येत नाही, उन्हासोबत पाणी नसणे आड येते.

दुसरी अडचण जमिनीची आणि पावसाची. कापसाला मानवणारी भारी काळी जमीन पाणी धरून ठेवते. द्राक्षवेलीला निचरा लागतो. त्यात गोडी छाटणीनंतर परतीचा पाऊस लांबला की केवडा आणि भुरी हे बुरशीजन्य रोग येतात आणि फवारणीवर फवारणी करावी लागते. यवतमाळसाठी हा मुद्दा गंभीर आहे. २०१७ च्या खरिपात याच जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा मृत्यू झाला, शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. द्राक्षावरची औषधे बहुतांशी बुरशीनाशके असतात, कपाशीवरच्या कीटकनाशकांइतकी ती तत्काळ घातक नसतात, हे खरे. पण जिथे हातमोजे आणि मुखवटा अजून प्रत्येक मजुरापर्यंत पोहोचलेला नाही, तिथे फवारणीवर चालणारे आणखी एक पीक सुचवताना आरोग्य खात्यालाही विचारायला हवे.

तिसरी अडचण अंतराची. पांढऱ्या वाइनची द्राक्षे पहाटेच्या गारव्यात तोडतात आणि काही तासांत दाबून रस काढतात. मणी फुटून तापला की रस काळपटतो, वास जातो. हा रस थंड ठेवलेल्या पोलादी टाक्यांत साधारण १२ ते १८ अंशांवर आंबवला जातो. त्यासाठी अखंड वीज आणि मोठे भांडवल लागते. राज्याने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, तेव्हा वाइन पार्क उभे राहिले ते नाशिक जिल्ह्यातल्या विंचूरला आणि सांगलीतल्या पलूसला. यवतमाळहून नाशिक पाचशे किलोमीटरहून लांब आहे. ताजा माल तिथवर नेणे परवडणारे नाही.

विदर्भात गारवा शोधायचा तर चिखलदऱ्याकडे बोट जाते. अमरावती जिल्ह्यातले हे ठिकाण सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे आणि तिथे कॉफी होते. पण तिथे पावसाळा दणदणीत असतो, आसपास मेळघाटचे राखीव जंगल आहे आणि मोकळी जमीन थोडी. कागदावर ती जागा गार आणि उंच आहे, तरी तिथली बाग यवतमाळच्या कापूस उत्पादकाला काही देणार नाही.

म्हणजे 'वाइन शेतकऱ्याच्या फायद्याची' हे विधान नाशिक, सांगली, सोलापूर, पुण्याच्या काही भागांपुरते खरे आहे. तिथेही बहुतांश द्राक्ष खाण्यासाठी किंवा बेदाण्यासाठी पिकते. वाइनच्या जाती लावणारे आणि वायनरीशी करार असणारे बागायतदार त्यात थोडे. त्यांचा फायदा नाकारण्याचे कारण नाही. पण 'शेतकरी' हा शब्द राज्यभरासाठी वापरला की यवतमाळचा शेतकरीही त्यात धरला जातो आणि त्याच्या पदरी काहीच पडत नाही. त्याच्या गावात पोहोचणार ती बाटली.

पेल्यात किती मद्यार्क?

'वाइन सौम्य असते' हा दुसरा मुद्दा आकड्यांनी तपासता येतो. १२.५ टक्के तीव्रतेच्या वाइनचा १५० मिलिलिटरचा पेला घेतला, तर त्यात सुमारे १९ मिलिलिटर, म्हणजे जवळपास १५ ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. ४२.८ टक्के तीव्रतेच्या व्हिस्की किंवा रमच्या ३० मिलिलिटरच्या छोट्या पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम. म्हणजे वाइनचा एक पेला दीड छोट्या पेगइतका. ७५० मिलिलिटरची अख्खी बाटली म्हणजे सातहून अधिक छोटे पेग. वाइन पातळ असते, पण ती घेतलीही जास्त जाते. यकृताला मद्यार्क द्राक्षाचा की धान्याचा हे कळत नाही, किती ग्रॅम आला तेवढेच कळते.

गार जागेच्या वाइनमध्ये मद्यार्क कमी असतो, असेही सांगतात. यात थोडे तथ्य आहे. साखर कमी झाली तर मद्यार्क कमी होतो. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखरेतून एक टक्का मद्यार्क तयार होतो. पण उंचावरचे ऊन प्रखर असते आणि मणी वेलीवर जास्त दिवस राहतात, त्यामुळे साखर भरपूर भरू शकते. फरक पडलाच तर किती? १४ टक्क्यांची वाइन सोडून १२ टक्क्यांची घेतली, तर पेल्यामागे सुमारे अडीच ग्रॅम मद्यार्क वाचतो. पेला थोडा मोठा भरला की ही बचत संपली.

उलट, ज्या आंबटपणाचे कौतुक होते त्याची दुसरी बाजूही आहे. पांढऱ्या वाइनचा सामू साधारण ३ ते ३.४ असतो. तोंडात घोळवत, हळूहळू, तासभर ती पीत राहिले तर दातांवरचे कवच झिजते. आम्लपित्ताचा त्रास असणाऱ्यांची जळजळ वाढते. पांढरी वाइन टिकावी म्हणून तिच्यात लाल वाइनपेक्षा सहसा जास्त सल्फाइट घालतात. दम्याच्या काही रुग्णांना ते बाधते.

'हृदयाला चांगली'चे काय झाले?

रोज थोडी वाइन हृदयाला चांगली, हा समज गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात जगभर पसरला. फ्रान्समधले लोक लोणी-चीज भरपूर खाऊनही तिथे हृदयविकार कमी, याचे श्रेय लाल वाइनला दिले गेले. द्राक्षाच्या सालीतल्या रेस्व्हेराट्रॉल या घटकाचे नाव पुढे आले. पण पांढरी वाइन करताना साल आधीच बाजूला काढतात, नुसता रस आंबवतात. त्यामुळे हा घटक तिच्यात नगण्य असतो. लाल वाइनमध्येही तो इतका कमी असतो की औषधी मात्रा गाठायची तर अशक्य प्रमाणात प्यावी लागेल. म्हणजे जो दावा लाल वाइनबाबतच लंगडा होता, तो पांढऱ्या वाइनला चिकटवण्याला काहीच आधार नाही.

मूळ दाव्यातली खोट नंतर उघड झाली. जुन्या पाहण्यांत 'न पिणाऱ्यां'च्या गटात आजारपणामुळे दारू सोडलेले लोकही मोजले गेले होते. साहजिकच तो गट जास्त आजारी दिसला आणि थोडी पिणारे ठणठणीत वाटले. शिवाय थोडी वाइन पिणारे बहुधा सुस्थितीतले, चांगला आहार घेणारे, वेळेवर तपासणी करून घेणारे असतात. हे फरक वजा केल्यावर वाइनच्या खाती टाकलेला फायदा बराचसा विरला.

कर्करोगाबाबत चित्र अधिक स्पष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्यपेयांना कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात टाकले. तंबाखू त्याच गटात आहे. मद्यार्काचे शरीरात अ‍ॅसिटाल्डिहाइड होते आणि ते पेशीतल्या डीएनएला इजा करते. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांमध्ये स्तन या ठिकाणच्या कर्करोगांशी त्याचा संबंध सिद्ध आहे. जानेवारी २०२३ मध्ये संघटनेने स्पष्ट केले की आरोग्याला सुरक्षित असे मद्याचे कोणतेही प्रमाण नाही. युरोपात मद्यामुळे होणाऱ्या कर्करोगांपैकी निम्मे हलक्या आणि मध्यम पिण्यातून होतात, असेही तिथे नमूद होते. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलांनी बाटलीवर कर्करोगाचा इशारा छापण्याची शिफारस केली. भारतात २०१९ पासून बाटलीवर 'मद्यपान आरोग्यास हानिकारक' असा मजकूर सक्तीचा आहे, पण त्यात कर्करोगाचा उल्लेख नाही. तंबाखूच्या पाकिटावर तो चित्रासह असतो. विदर्भात खर्रा खाणाऱ्यांची संख्या मोठी आहे. तंबाखू आणि मद्य दोन्ही घेणाऱ्यांना तोंडाच्या कर्करोगाचा धोका नुसत्या बेरजेपेक्षा जास्त वाढतो, हे इथल्या वाचकाने विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे.

नदीच्या दोन्ही काठांवर

यवतमाळच्या उत्तरेला वर्धा जिल्हा आहे, तिथे सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे. पूर्वेला चंद्रपूर; तिथे १ एप्रिल २०१५ ला बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. पलीकडे गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. यवतमाळ मात्र खुला जिल्हा राहिला. इथेही महिलांनी जिल्हा दारूबंदीची मागणी वारंवार केली. गावपातळीवर त्यांच्या हाती एक कायदेशीर साधन आहे. गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी 'आडव्या बाटली'ला मत दिले तर दुकान बंद होते. सुपरमार्केटच्या कपाटातली वाइन या मतदानाच्या कक्षेत येणार का, हा प्रश्न २०२२ च्या वादात पुरेसा विचारलाच गेला नाही. तो निर्णय पुन्हा पुढे आला तर पहिला प्रश्न हाच असायला हवा.

दारूबंदीने पिणे संपते का, यावर मतभेद आहेत आणि चंद्रपूरच्या अनुभवावर तर दोन्ही बाजू बोट ठेवतात. पण एका मुद्द्यावर जगभरचा अनुभव एकमुखी आहे. दारू स्वस्त, सहज आणि सर्वत्र मिळू लागली की पिणे वाढते. महाग आणि कमी ठिकाणी मिळू लागली की घटते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार देशात १५ वर्षांवरील सुमारे १९ टक्के पुरुष आणि एक टक्का स्त्रिया मद्य घेतात. म्हणजे न पिणारेच बहुसंख्य आहेत. किराणा सामानाशेजारी ठेवलेली, 'सौम्य' म्हणवणारी बाटली देशी पिणाऱ्याला वाइनकडे वळवील अशी आशा काही जण बाळगतात. किमती पाहता ते संभवत नाही. ती नवे ग्राहक आणील, आणि ते न पिणाऱ्यांतूनच येतील.

याचा अर्थ दिंडोरीच्या बागायतदाराला वाऱ्यावर सोडावे असा नाही. विक्रीवरच्या २० टक्के व्हॅटपैकी १६ टक्के परतावा देणारी योजना राज्यात आहेच. अवकाळी पाऊस आणि गारपिटीने नाडलेल्या बागायतदाराला विमा, हवामान अंदाज आणि प्लास्टिक आच्छादनाची मदतही देता येईल. हा उद्योगाचा आधार झाला आणि तो उघडपणे उद्योग म्हणून द्यावा. त्यासाठी वाइन आरोग्याला बरी, किंवा वाइन म्हणजे दारू नव्हेच, असे म्हणण्याची गरज नाही. करआकारणी पेयाच्या नावावर ठरवण्याऐवजी त्यातल्या मद्यार्काच्या ग्रॅमवर ठरवली, तर हा घोळ बराच मिटेल. बाटलीवर टक्केवारीसोबत एका पेल्यात किती ग्रॅम मद्यार्क आहे हे मराठीत छापले, तर ग्राहकालाही हिशेब कळेल.

आणि यवतमाळच्या शेतकऱ्याचे हित हाच हेतू असेल, तर त्याच्या शेतात जे पिकते तिथून सुरुवात करावी लागेल: कापसाला भाव, तुरीला डाळ मिल, कोरडवाहू शेताला संरक्षित पाणी, फवारणाऱ्याला मुखवटा. दिंडोरीजवळच्या वणीत माघातल्या पहाटे तोडलेल्या द्राक्षांचा फायदा तिथेच राहतो. त्या द्राक्षांतला मद्यार्क मात्र यवतमाळच्या वणीपर्यंत येतो, आणि तो उतरवायला यकृताला तितकेच कष्ट पडतात.